मदत हवी आहे: जुना लॅपटॉप देऊन नवा घ्यावा का? (तातडीचं)

अक्षरजुळणी
दुकानदाराने उद्या सकाळपर्यंतच भाव धरून ठेवलाय म्हणून घाईत विचारते आहे. जुना लॅपटॉप चालतो, पण फार हळू झालाय. सुरू केला की चहा करून पिऊन होतो तरी काम सुरू करता येत नाही. नवा 62,000ला मिळतोय, जुन्याचे 4,000 वजा करणार. आय-फाइव्ह, तेरावी पिढी, 16 जीबी रॅम, 512चा एसएसडी. एवढे पैसे घालून खरंच फरक पडेल का? दिवाळी अंकाची पानं लावायचं काम हातात आहे. हो किंवा नाही, स्पष्ट सांगा.

सातपाटी
जुना कुठला ते लिहिलंच नाहीत. प्रोसेसर, रॅम, डिस्क? हो-नाही कशावरून सांगायचं?

निळासावळा
डोळे मिटून मॅकबुक एअर घ्या. माझा 2020चा एम-वन अजून लोण्यासारखा चालतो. आतमध्ये पंखाच नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळही साचत नाही.

अक्षरजुळणी
जुनाही आय-फाइव्हच आहे. 2017चा, विंडोज 10. एवढं पुरे ना?

सातपाटी
नाही पुरे. आय-फाइव्ह दर पिढीत निघतो, पूर्ण नंबर लागेल. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूचा नंबर, मेमरी किती, आणि 'डिस्क 0'च्या खाली एचडीडी (जुनी फिरती हार्ड डिस्क) लिहिलंय की एसएसडी (चिपची वेगवान डिस्क), एवढं बघून सांगा. लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असताना बघा.

अक्षरजुळणी
आय-फाइव्ह 7200यू. मेमरी 4 जीबी. खाली एचडीडी लिहिलंय. डिस्क सारखी 100 टक्के दाखवते, सीपीयू मात्र 15-20च्या वर जात नाही. हे वाईट आहे का?

सातपाटी
उलट बरं झालं, दुखणं कुठे आहे ते कळलं. प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट बघतोय. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 एमबी वाचते, साधा, साटा जोडणीचा एसएसडी 500च्या आसपास. बारीकसारीक फाइली वाचताना तर फरक कितीतरी पट जास्त पडतो, आणि विंडोज सुरू होताना तेच चाललेलं असतं. त्यात रॅम 4 जीबी. ती भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर टाकतं, म्हणजे तिच्यावर दुहेरी भार. एसएसडी बसवा, रॅम 8 करा. 62,000 घालायची काही गरज नाही.

घाटमाथा
अजिबात पटलं नाही. 7200यू म्हणजे सातवी पिढी, दोनच कोअर. इंटेलमध्ये विंडोज 11 आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं. विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. अशा मशीनवर पैसे घालायला कशाला सांगताय? ताई बँकेचे व्यवहारही त्याच्यावरच करत असतील.

सातपाटी
घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट 13 ऑक्टोबर 2026पर्यंत मिळतात, नोंदणी केली की. आणि एसएसडी वाया जात नाही, उद्या बाहेरची डिस्क म्हणून वापरता येतो.

घाटमाथा
म्हणजे दिवाळीच्या तोंडावर परत हाच प्रश्न! शिवाय 2025च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. 16 जीबीचा लॅपटॉप या किमतीत मिळत असेल तर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेंग्विनवाला
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, 4 जीबीवर चालतं, सपोर्टची कटकट नाही. माझ्या वडिलांना टाकून दिलंय, त्यांची काही तक्रार नाही.

घाटमाथा
वडील दिवाळी अंक लावतात का?

मुद्रितशोधक
हेच कुणी विचारलं नाही. ताई, पानं कशात लावता? फॉन्ट युनिकोड (हल्ली सगळीकडे चालणारे) की जुने? डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली, आहे का?

अक्षरजुळणी
पेजमेकर 7. फॉन्टचं पॅकेज डोंगलवालं आहे, यूएसबीचं, बरीच वर्षं तेच वापरते. ते नव्यावर चालणारच ना? दुकानदार म्हणाला, सगळं टाकून देतो.

मुद्रितशोधक
थांबा, पैसे देऊ नका. पेजमेकर 7 हे 2001चं, त्याच्यापुढे आवृत्तीच निघाली नाही. ते कसंबसं चालवता येईलही, खरी अडचण डोंगलची. त्याला ड्रायव्हर लागतो, म्हणजे विंडोजला ते ओळखता यावं म्हणून छोटं सॉफ्टवेअर. विंडोज 11मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाची सोय असते आणि ती चालू असली की जुने ड्रायव्हर अडवले जाऊ शकतात. ती बंद करता येते, पण मग सुरक्षेसाठी नवा घ्या म्हणणाऱ्यांचा मुद्दाच गेला.

फॉन्टवाल्या कंपनीला फोन करून तुमची आवृत्ती सांगा आणि विंडोज 11चा ड्रायव्हर आहे का विचारा. नाहीतर डोंगल आणि सीडी घेऊन दुकानात जा, त्याच मशीनवर एक पान उघडून, छापून बघा. दुकानदार इंटेलऐवजी स्नॅपड्रॅगन चिपचा लॅपटॉप दाखवू लागला तर घेऊ नका. बाकी तो छान असतो, पण इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर त्याच्यावर चालत नाही. मॅकचा तर विषयच सोडा.

यशोधन_पुणे
किती दिवस हे जुने फॉन्ट? पेजमेकर सोडून इनडिझाइनमध्ये या, युनिकोड वापरा. त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की वेलांट्या, जोडाक्षरं नीट बसतात. तुमचा मजकूर शोधता येतो, वेबवर टाकता येतो. डीटीपीवाले बदलत नाहीत म्हणून मराठी मागे राहते.

मुद्रितशोधक
मान्य आहे, मलाही युनिकोडच हवंय. पण निम्मी पानं लागलेली असताना नाही. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर मी रोज तपासतो. रफार भलत्या अक्षरावर जातो, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. सगळा अंक पुन्हा वाचायला लागेल, तो कोण वाचणार?

यशोधन_पुणे
दरवर्षी हेच उत्तर मिळतं.

संध्यारंग
अंकासाठी कथा अजून घेताय का? माझी तयार आहे.

भाऊसाहेब_क
कुठलाही घ्या, पण सतत चार्जिंगला लावून ठेवू नका. 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते, बॅटरी जास्त टिकते.

अक्षरजुळणी
कंपनीशी बोलले. माझ्या आवृत्तीला विंडोज 11चा ड्रायव्हर नाही. नवी आवृत्ती विकत घ्यावी लागेल, तो खर्च 62,000 सोडून वेगळा. दुकानदाराला सध्या नको सांगितलं. आता एसएसडी कुठला घेऊ? सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला लागेल का? संध्याताई, कथांचं संपादक बघतात, माझ्याकडे फक्त पानं.

घाटमाथा
ड्रायव्हरच नसेल तर सध्या जुनाच बरा. पण बँकेचं काम त्याच्यावर करू नका.

सातपाटी
साटाचा, अडीच इंची, 500 जीबीच्या आसपासचा. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करून घ्या म्हणजे पेजमेकर, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर सगळं आहे तसं येतं. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून डिस्कची तब्येत बघा. आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीत 'स्लॉट्स यूज्ड' (रॅमच्या किती जागा भरल्यात) किती दाखवतं? रॅम घेताना ती कुठल्या प्रकारची, डीडीआर4 की डीडीआर3एल, तेही तपासा.

अक्षरजुळणी
स्लॉट 1 ऑफ 2. डिस्कवर पिवळं 'कॉशन' आलंय. म्हणजे काय?

सातपाटी
म्हणजे डिस्क खराब व्हायला लागली आहे. क्लोन नंतर, आधी काम बाहेर काढा. बाकी सगळं बंद करा आणि आत्ताच बाहेरच्या डिस्कवर कॉपी लावा. आधी या अंकाच्या पीएमडी (पेजमेकरच्या) फाइली, मग मागचे अंक, मग फॉन्टचं फोल्डर.

मुद्रितशोधक
आणि चित्रांचे फोल्डर! पेजमेकरच्या फाइलीत मोठी चित्रं नसतात, ती कुठे ठेवली आहेत तेवढंच असतं. नुसत्या पीएमडी नेल्या तर प्रेसमध्ये फोटो धूसर येतील. फोल्डरची नावंही बदलू नका.

अक्षरजुळणी
कॉपी लावली आहे. 3 तास दाखवतंय.