शब्दचर्चा : क्वार्टरबॅक, फुलबॅक, टॅकल यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

अमेरिकेतल्या एका शाळेच्या फुटबॉल संघावरच्या माहितीपटाची मराठी सबटायटल्स करते आहे. फुटबॉल म्हणजे तिकडचा, चेंडू काखेत मारून पळायचा. क्वार्टरबॅक, फुलबॅक, टॅकल, टाइट एंड, सेफ्टी हे शब्द दर मिनिटाला येतात. पहिल्या खर्ड्यात मी क्वार्टरबॅकला 'पाव-पिछाडी' केलं, तर घरात सगळे पोट धरून हसले. टीप द्यायची सोय नाही, एका ओळीत जेमतेम पाच-सहा शब्द मावतात. काय करावं?

प्रतिसाद

हसू देत. शब्दार्थ तुम्ही अगदी बरोबर लावलात. ही नावं कामाची नाहीतच, अंतराची आहेत. गडी पुढच्या फळीच्या किती मागे उभा राहतो यावरून पडलेली. थोडा मागे तो क्वार्टर, त्याच्या मागे हाफ, सगळ्यात मागे फुल. हा खेळ रग्बीतून फुटून निघाला आणि रग्बीत तर 'थ्री-क्वार्टर'सुद्धा आहे. म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी सगळी मैदानात हजर.

येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने 1880 मध्ये पुढाकार घेऊन दोन बदल करवले. एका बाजूचे गडी पंधराचे अकरा झाले आणि रग्बीतल्या घोळक्याऐवजी चेंडू ठरलेल्या रेषेवरून एका संघाच्या ताब्यात देऊन डाव सुरू होऊ लागला. 1882 मध्ये तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याचा नियम आला. (आज चार प्रयत्नांत दहा यार्ड.) ते मोजायला मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याची रेघ मारू लागले आणि मैदान निखाऱ्यावर मांस भाजायच्या जाळीसारखं दिसायला लागलं. या मैदानाला 'ग्रिडायर्न' म्हणतात ते त्यावरूनच, ग्रिडायर्न म्हणजे ती जाळी.

घोळ पुढे झाला. गडी सरकले, नावं जुन्या जागेवरच राहिली. आज बऱ्याच मांडण्यांत फुलबॅक हा चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या पुढे उभा असतो आणि अंगावर येणाऱ्यांना धडका देत त्याला वाट करून देतो. नाव 'सगळ्यात मागचा', काम बिनीवाल्याचं! त्याला खुशाल 'बिनीचा गडी' म्हणा, पण नावाचं भाषांतर करायला जाऊ नका.

प्रतिसाद

क्वार्टरबॅकला 'सूत्रधार' म्हटलं तर?

प्रतिसाद

आपल्या वर्तमानपत्रांनी त्या शब्दाचं काय केलंय ते आठवा. 'मुख्य सूत्रधार अटकेत.' पडद्यावर सोळा वर्षांचा पोरगा आणि खाली 'सूत्रधार जखमी', वाचणारा दचकेल. शिवाय आता पुष्कळदा चाल प्रशिक्षक ठरवतो. क्वार्टरबॅक ती साथीदारांना सांगतो, समोरची मांडणी बघून ऐनवेळी बदलतोही, मग चेंडू हातात घेऊन दुसऱ्याला देतो किंवा फेकतो. पुढे फेकायची मुभा 1906 मध्ये मिळाली, त्याआधी या गड्याला आजचा मान नव्हता. माझं मत, 'क्वार्टरबॅक' तसाच ठेवा. आपण 'गोलकीपर' आणि 'गोलरक्षक' दोन्ही पचवले, हा एक जड जाणार नाही.

प्रतिसाद

टॅकलबद्दल सावध करतो, कारण तिथे भाषांतर नुसतं विनोदी होत नाही, उलटं होतं. टॅकल करणं म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं. कबड्डीतली 'पकड' म्हणून चालेल. पण चेंडू असलेल्या संघाच्या फळीतही दोन टॅकल असतात आणि त्यांनी कुणाला धरायचं नसतं. धरलं की दहा यार्डांचा दंड. त्यांनी हातांनी, खांद्यांनी नुसतं थोपवायचं. म्हणजे एकाच नावाचे गडी रेषेच्या दोन्ही बाजूंना, एक पाडणारा, एक थोपवणारा. इकडच्याला 'थोपवणारा', तिकडच्याला 'पाडणारा' म्हणा. डावीकडच्या टॅकलचा वेगळा तोरा असतो. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना डावीकडे पाठ करतो, त्या न दिसणाऱ्या बाजूने येणाऱ्याला हा अडवतो. त्याला 'पाठराखण्या' म्हणायचा मोह मला झाला होता.

'एंड' मात्र शब्दशः खरा आहे. फळीच्या मधल्या पाच जणांना पुढे फेकलेला चेंडू झेलता येत नाही, टोकाच्यांना येतो. टाइट एंड म्हणजे फळीला चिकटून उभा राहिलेला टोकाचा गडी. थोपवतोही आणि झेलतोही. फळीपासून लांब, कडेला जाऊन उभा राहतो तो वाइड रिसीव्हर, त्याचं काम धावणं आणि झेलणं.

प्रतिसाद

कॉर्नरबॅकला 'कोपरारक्षक' घ्या की! कबड्डीच्या बातम्यांत रुळलेला शब्द आहे.

प्रतिसाद

शब्द गोड आहे, पण चित्र चुकीचं उभं राहील. कबड्डीतला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या घोट्यावर झेप टाकतो. हा कॉर्नरबॅक पळत्या रिसीव्हरच्या सावलीसारखा, कधी उलट्या पावली धावतो. त्याचं कसब धरण्यात कमी, चेंडू झेलू न देण्यात जास्त.

त्याच्याही मागे 'सेफ्टी' उभे, शेवटचा बंदोबस्त. जुन्या लष्करी भाषेत पिछाडीच्या तुकडीला 'चंदावल' म्हणत, अगदी फिट्ट बसतो, पण वाचणाऱ्याला शब्दकोश उघडावा लागेल. आणि दुसरा काटा असा, की 'सेफ्टी' ही गुण मिळवण्याची एक रीतही आहे. चेंडूवाल्याला त्याच्याच गोलपट्टीत पाडलं की पाडणाऱ्या संघाला दोन गुण. तुमच्या माहितीपटात 'सेफ्टी!' असं ओरडताना ऐकू आलं, तर आधी बघा, गड्याला हाक मारताहेत की गुण मिळालेत.

मला सगळ्यात आवडतं ते नाण्यांचं प्रकरण. पिछाडीचे बचावपटू एरवी चार, दोन कॉर्नर आणि दोन सेफ्टी. पाचवा आणला की तो 'निकेल', कारण निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं. सहावा आणला तर 'डाइम', दहा सेंट. सहाव्याला दहा का? तर जादाचे दोन गडी, म्हणजे दोन निकेल. हे मराठीत कसं आणणार? चवली-पावली जाऊन आता किती वर्षं झाली! 'पाचवा बचावपटू' लिहा आणि पुढे चला.

बचावाची पुढची फळी आणि पिछाडी यांच्या मधे उभे राहतात ते लाइनबॅकर, त्यांना माइक, सॅम, विल म्हणतात. ती मुलांची नावं नव्हेत. इंग्रजीत मधला, भक्कम बाजूचा आणि कमकुवत बाजूचा यांची आद्याक्षरं आहेत. भक्कम बाजू म्हणजे टाइट एंड उभा असेल ती. एका सबटायटलमध्ये 'मायकेलला सांग' वाचलं होतं, म्हणून लिहिलं.

प्रतिसाद (धागाकर्ती)

बाप रे, 'माइक कुठाय?' हे वाक्य माझ्याकडे तीनदा आहे आणि मी त्याला खेळाडूचं नाव समजले होते! आता पुन्हा सगळं ऐकते.

आणखी दोन अडचणी. 'मंडे मॉर्निंग क्वार्टरबॅक' असं एक आजोबा जावयाला म्हणतात. सामने रविवारी, अक्कल सोमवारी, एवढं कळलं. 'वरातीमागून घोडं' चालेल? आणि पंटर? आमच्या मुंबईत पंटर म्हणजे भाईचा माणूस.

प्रतिसाद

वरातीमागून घोडं नको, ते उशिरा केलेल्या कामाला. इथे काम काहीच नाही, नुसता सल्ला. 'सामना संपल्यावर सगळेच शहाणे' असं लिहा, आजोबांच्या तोंडी शोभेल.

पंटर म्हणजे चौथ्या प्रयत्नात, दहा यार्ड होणार नाहीत असं वाटलं की येतो तो. हातातला चेंडू सोडतो आणि जमिनीला लागायच्या आत लांब लाथाडतो. किकर निराळा, तो जमिनीवर टेकवलेला चेंडू मारतो. दोघांना 'किकर' केलंत तरी बोलपटात खपेल, फक्त दोघे एकाच दृश्यात असतील तर पंचाईत.

प्रतिसाद (धागाकर्ती)

आहेत, एकाच दृश्यात. आणि त्यांचं भांडण आहे. पंटर तसाच ठेवते. प्रशिक्षक ओरडतो, 'पंटरला पाठवा!' मुंबईकर हसतील, हसू देत.