मदत हवी आहे: डोक्याला मार लागून अडीच महिने झाले, मानेचं कायरोप्रॅक्टिक करावं का? (कोल्हापूर)

उभा_मारुती_चौक:
नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय १९, डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, पेठेतल्या एका फुटबॉल टीमकडून बॅकला खेळतो. फेब्रुवारीत शाहू स्टेडियमवर कॉर्नरला हेडर मारायला उडी घेतली आणि समोरच्याच्या डोक्यावर डोकं आपटलं. पडला, उठला आणि मला विचारतोय, "स्कोअर किती?" सांगितला. परत तेच. चार वेळा विचारल्यावर मी त्याला तसाच दवाखान्यात घेऊन गेलो. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. "कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला धक्का बसलाय, पंधरा दिवस आराम करू दे."

त्या पंधरा दिवसांचे आता अडीच महिने झालेत. डोकं मानेच्या मागून दुखायला लागतं आणि कळ उजव्या डोळ्यावर येऊन थांबते. मधूनच चक्कर. ट्यूबलाइट सोसत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बाहेरून येईल तेवढ्या उजेडात जेवतो. पुस्तकाचं अर्धं पान झालं की मिटून ठेवतो. परत दाखवलं तर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका." घरात कुजबुज सुरू झालीय, की पोरगं परीक्षा टाळतंय. मला नाही पटत. रविवारी पांढरा रस्सा दुसऱ्यांदा वाढून न घेता उठला. हे पोरगं नाटकासाठी एवढी किंमत मोजणार नाही.

आता पुण्याच्या आत्यानं एका कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातानं दाबून मणके "बसवणाऱ्याचा", व्हिडिओ पाठवलाय. मी फोन केला. म्हणाला, मानेचा पहिला मणका, ॲटलस, सरकलाय, बारा सिटिंगमध्ये बसवून देतो, पैसे आधी. पोराला बघितलं नाही, एक्स-रे मागितला नाही, फोनवरच मणका सरकलेला दिसला! बाबा तयार आहेत. मी अडकलोय. मान आणि डोक्याचा मार यांचा खरंच काही संबंध असतो का? आणि असेल तर मानेला हात लावू द्यायचा कुणाला?

तालीमवाला:
भावा, पुण्याला कशाला जातोस? आमच्या तालमीत वस्ताद आहेत. मान धरून एक हिसका, कट्ट आवाज, विषय संपला. माझी दोनदा बसवलीय.

मिरजेचा_फिजिओ:
तालीमवाले, तुमची मान पैलवानाची, आणि तुमचं डोकं कुणावर आपटलं नव्हतं. इथं हिसका अजिबात नको. आपण मान वळवतो त्यातलं जवळपास निम्मं वळण पहिल्या-दुसऱ्या मणक्यात होतं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी त्याच पहिल्या मणक्याला वळसा घालून कवटीत शिरते. जोराच्या पिळानं तिचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. क्वचित होतं, पण तरण्याताठ्या माणसालाही होतं.

दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. ज्या धक्क्यानं मेंदू हलला त्यानंच मानही हिसकली. मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-चेहऱ्याची संवेदना नेणारी नस मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी पोचतात. म्हणून दुखतं मानेत आणि कळ येते डोळ्यावर. सीटीत हे दिसत नाही, तो रक्तस्राव आणि मोडतोड बघण्यासाठी असतो.

आता एवढं बघून सांगा. चक्कर म्हणजे घर फिरतं, की नुसता तोल जातो? कुशीवर वळताना येते का, कुठल्या कुशीला, किती सेकंद टिकते? डोकेदुखीच्या गोळ्या महिन्यातून किती दिवस घेतो?

बोलताना जीभ अडखळणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, चालताना झोक जाणं, मान किंवा डोकं अचानक कधी नव्हे इतकं दुखणं, उलट्या आणि गुंगी वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) असो की जवळचं मोठं हॉस्पिटल, त्याच तासाला न्या.

उभा_मारुती_चौक:
आधी एक दुरुस्ती. मी दादा नाही, ताई. आमच्याकडं पोरीपण "गेलो-आलो"च म्हणतात, ती सवय काय जायची नाही.

काल रात्री मुद्दाम त्याच्या खोलीत बसलो. डाव्या कुशीला काही नाही. उजव्या कुशीला वळला आणि कॉटची पट्टी घट्ट धरली. "फिरायला लागलं." मोबाइलवर मोजलं, १८ सेकंद. मग आपोआप थांबलं. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या उशीखाली, बॅगेत आणि बुटांच्या खोक्यात निघाल्या. आईला वाटत होतं आठ-दहा गोळ्या झाल्या असतील. हिशेब लावला तर गेल्या महिन्यात २२ दिवस.

मिरजेचा_फिजिओ:
ताई, माफ करा. आणि १८ सेकंद मोजलेत हे फार कामाचं.

मणक्याच्या आधी कान तपासून घ्या. आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. डोक्याला मार बसला की ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि त्या कुशीला वळलं की घर फिरतं. याला बीपीपीव्ही म्हणतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर डिक्स-हॉलपाईक टेस्ट करतात: पेशंटचं डोकं एका बाजूला वळवून त्याला झटकन आडवं करायचं आणि बुबुळं कशी उडतात ते बघायचं. तेच निघालं तर एप्ली नावाच्या पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून कण परत जागेवर नेतात. मान दुखते हे मात्र आधीच सांगा.

गोळ्यांचं जास्त मनावर घ्या. साध्या पेनकिलरसुद्धा महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. न्यूरॉलॉजिस्टना पट्ट्यांचा हिशेब दाखवा.

शिकागोची_सून:
मी कायरोप्रॅक्टरचे उपचार घेतलेत म्हणून लिहिते. गाडीला मागून ठोकर बसली होती. इथं अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला प्रत्येक राज्यात लायसन्स लागतं. पद्धत मुळात इथलीच. १८९५ मध्ये आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केली, आणि फक्त वरच्या मानेवर काम करायचा प्रकार त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर यांनी १९३० च्या दशकात रुजवला. माझ्या कायरोप्रॅक्टर बाईंनी आधी एक्स-रे काढले, मग कानामागं हलकं दाबलं. कट्ट वगैरे काही नाही. मानेचा ताठरपणा कमी झाला हे खरं. पण त्याच दिवसांत मी तोल सुधारायची व्हेस्टिब्युलर थेरपीही करत होते आणि नोकरीवर रजाही टाकली होती. गुण कुणाच्या पदरात टाकू? कन्कशनवर याचा उपयोग होतो म्हणणारे संशोधनाचे कागद बघायला गेले तर बहुतेक एकेका पेशंटच्या हकिकती. मोठ्या चाचण्या नाहीत.

आणि भारतात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारं सरकारी कौन्सिलच नाही. कुठं शिकलात हे विचारायला लाजू नका. फोनवर निदान करणाऱ्याला तर तेही विचारू नका.

मिरजेचा_फिजिओ:
+१. ॲटलस खरोखर धोकादायक सरकला असेल तर ते स्पाइन सर्जनचं काम, बारा सिटिंगचं नव्हे. अंधाऱ्या खोलीत पडून राहणंही आता कुणी सांगत नाही. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली. त्यांचं म्हणणं, पहिले २४ ते ४८ तास जपायचं, मग चालणं वगैरे हलका व्यायाम सुरू, आणि मानदुखी-चक्कर दहा दिवसांवर रेंगाळली तर मान आणि तोल या दोन्हींचे व्यायामोपचार.

तालीमवाला:
ताई, वस्तादांना विचारलं. म्हणाले, "डोक्याला लागलेलं पोरगं माझ्याकडं आणायचं नाही." माझा सल्ला मागं घेतो.

उभा_मारुती_चौक:
तीन आठवड्यांनी लिहितोय. कानाचंच निघालं, उजवं. टेस्टच्या वेळी त्याची बुबुळं उडताना मी समोर उभा राहून बघितली. "नाटक" म्हणणाऱ्यांतले बाबाही शेजारी होते. काही बोलले नाहीत, परत येताना त्याची चप्पल त्यांनी उचलून दिली. दोन वेळा एप्ली झाल्यावर घर फिरायचं थांबलं.

डोकेदुखी पूर्ण गेलेली नाही. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, पहिला आठवडा आम्हा सगळ्यांनाच जड गेला. आता फिजिओकडं जातो. टोपीला लेझर टॉर्च बांधतात, डोळे मिटून मान फिरवायची आणि परत मधोमध आणायची, मग ठिपका भिंतीवर कुठं पडला ते बघायचं. पहिल्या दिवशी वीतभर चुकत होता, आता चार बोटं. सकाळी रंकाळ्याला अर्धा फेरा चालतो. पुण्याचं रद्द केलं, आत्या रुसलीय.

परवा मॅच बघायला गेला. हलगी सुरू झाल्यावर दहा मिनिटांत कान धरून बाहेर आला. तरी विचारतोय की जूनमध्ये प्रॅक्टिस सुरू करू का. फिजिओ म्हणतात हेडर सगळ्यात शेवटी, तेही डॉक्टरांनी लेखी दिल्यावर. इथं कुणी कन्कशननंतर परत मैदानात उतरलेलं आहे का? आवाजाचा त्रास कमी व्हायला किती दिवस लागले, तेवढं सांगा.