टर्बो पास्कलचा जुना प्रोग्रॅम विंडोज 11 वर: 2 बाइट कुठून आले?

चाळकरी_गिरगाव
नमस्कार मंडळी. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक छोटं वाचनालय आहे. सभासदांच्या नोंदीचा प्रोग्रॅम मी 1994 साली टर्बो पास्कल 7 या डॉसवरच्या कंपायलरमध्ये लिहिला. नावं मराठीतच हवीत असा तेव्हाच्या चिटणीसांचा हट्ट, म्हणून डॉसच्या स्क्रीनवर देवनागरी दाखवणारं सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं. पुढे वेगवान मशीन आलं आणि प्रोग्रॅम सुरू होताच 'रनटाइम एरर 200' देऊन आडवा व्हायला लागला. मशीनचा वेग मोजताना क्रट (Crt) या स्क्रीनच्या युनिटमध्ये होणारा तो कुप्रसिद्ध भागाकार! पॅच मारून निभावलं.

यंदाच्या पावसात ते मशीन गेलं. लॅमिंग्टन रोडवर एकाने डिस्कमधून फाइली काढून दिल्या. नवीन मशीनवर 64 बिट विंडोज 11, तिथे 16 बिट प्रोग्रॅम उभाच राहत नाही. म्हणून फ्री पास्कल या आजच्या कंपायलरमध्ये कंपाइल केला, स्क्रीनचं असेंब्ली तेवढं काढावं लागलं. आता पहिल्या सभासदाची अनामत भलतीच दिसते आणि दुसऱ्यापासून सगळंच सरकलेलं.

रेकॉर्ड असा: क्रमांक इंटिजर, नाव 40 अक्षरी स्ट्रिंग, अनामत रिअल (दशांश संख्या), तारीख 8 अक्षरी स्ट्रिंग. जुन्यात साइझऑफ (रेकॉर्डची बाइटांतली लांबी) 58 येतो, इथे 'पॅक्ड' (मध्ये मोकळे बाइट नकोत) लिहूनही 60.

डोंबिवली_फास्ट
काका, एवढा खटाटोप कशाला? डॉसबॉक्स टाका, ते नव्या मशीनवर जुन्या डॉसची नक्कल करतं, जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालेल.

चाळकरी_गिरगाव
चालवून पाहिला. पण त्यात जिस्ट कार्ड कुठून आणू? नावांच्या जागी नुसत्या चौकटी आणि रेघा.

बाइटवाला
तुमचे 2 बाइट रिअलमध्ये आहेत. टर्बो पास्कलचा रिअल 6 बाइटांचा, फ्री पास्कलमध्ये रिअल म्हणजे 8 बाइटांचा डबल. टीपी (टर्बो पास्कल) मोड लावलात तरी तो डबलच राहतो. 'अनामत'चा प्रकार रिअल48 (तोच जुना 6 बाइटांचा) करा, पॅक्ड तसंच ठेवा, साइझ 58 येईल. वाचल्यावर रिअल2डबल फंक्शनमधून काढा, ते सिस्टिम युनिटमध्येच आहे.

आणि कृपया मूळ फाइलवर प्रयोग नकोत. फाइल उघडणारा रिसेट ती लिहिण्यासाठीही उघडतो, त्याआधी फाइलमोड 0 (फक्त वाचण्यासाठी) करा. एकदा माझी तीन वर्षांची वर्गणी अशीच गेली आहे.

शिवडी_नाका
नावांचं मी सांगते. जिस्टचा मजकूर इस्की (ISCII) या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतो, पण पीसीवर त्याचे एकाहून अधिक प्रकार होते, म्हणून आधी 'क'चा बाइट बघा. 179 असेल तर विंडोजचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) 57002 चालेल. मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं विंडोजचं मल्टिबाइटटूवाइडचार फंक्शन वापरताना फ्लॅग 0 द्या, नाहीतर कॉल फसतो. मी त्यात तास घालवलाय. आणि एका हलन्तानंतर लगेच दुसरा हलन्त दिसला तर चूक समजून उडवू नका, जोडाक्षर होऊ नये म्हणून तो मुद्दाम टाकलेला असतो.

चाळकरी_गिरगाव
58 आला! 'क' 179 च आहे. पहिलं नाव स्क्रीनवर उमटलं ते त्याच चिटणीसांचं, अनामत 25 रुपये. ती त्यांनी कधी परत घेतलीच नाही.

उद्या प्रिंटरचं विचारतो. डॉट मॅट्रिक्स आहे, हसू नका.