मदत हवी आहे: अतिवाहकाजवळचं ग्राफीन, शून्याची पातळी दुभंगतेय

नमस्कार मंडळी,

चार दिवस एकाच आलेखाकडे बघतेय, आता चूक समोर असली तरी दिसणार नाही. म्हणून विचारते.

नायोबियम या अतिवाहकाच्या पातळ थरावर ग्राफीन (कार्बन अणूंची एकाच थराची षटकोनी जाळी), मध्ये २० नॅनोमीटर बोरॉन नायट्राइड (विद्युतरोधक थर), लंब चुंबकीय क्षेत्र सरासरी ०.१ टेस्ला. अतिवाहकातून क्षेत्र सरसकट जात नाही, भोवऱ्यांतून (प्रवाहाच्या गोल वेटोळ्यांतून) जातं. त्यामुळे ग्राफीनला दर १५५ नॅनोमीटरवर क्षेत्राचं एक टेकाड लागतं आणि मधे खळगे. गणित टाइट-बाइंडिंगचं, म्हणजे इलेक्ट्रॉन अणूवरून अणूवर उड्या मारतो असं धरून: फक्त शेजारच्या अणूवर उडी, क्षेत्राचा परिणाम आणणारा पायर्ल्स फेज घालून. (जाळी १० पट ताणलीय, उडीची ऊर्जा तेवढीच कमी केलीय.)

आधी एकसमान क्षेत्र घातलं. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापातळ्या आल्या ०, ११.५, १६.२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, वर्गमुळाच्या नियमाने चोख. मग भोवरे घातले. वरच्या पातळ्या पसरल्या, ते ठीकच. पण शून्याची पातळी हलायला नको होती ना? शून्य ऊर्जेच्या अवस्था किती हे एकूण फ्लक्सवर (आरपार जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या बेरजेवर) ठरतं, क्षेत्र कितीही वेडंवाकडं असो, हे आहारोनोव्ह आणि कॅशर यांनी १९७९ मध्येच दाखवलंय. माझी मात्र फुटून शून्याच्या दोन्ही बाजूंना बसते. जाळी बारीक केली, तरी तेच. आणखी विचित्र म्हणजे त्या अवस्थांची घनता टेकाडावर नाहीच, युनिट सेलच्या (गणितात पुन्हा पुन्हा जोडल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) एका कोपऱ्यात ठिपका होऊन बसलीय.

मॅट्रिक्स लहान राहावं म्हणून सेल समभुज चौकोनाची, एकाच भोवऱ्याची घेतलीय. आणखी काही माहिती हवी असेल तर सांगा.

प्रतिसाद १

मॅट्रिक्स लहान ठेवायला गेलात, तिथेच घोळ झाला. भोवऱ्यातला फ्लक्स कूपर जोडीच्या (अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीच्या) मापाचा असतो, एकट्या इलेक्ट्रॉनच्या हिशेबात तो अर्धाच क्वांटम (फ्लक्सचं ठरलेलं एकक). तुमच्या सेलला फेरी मारून आलेल्या इलेक्ट्रॉनचा फेज π ने, म्हणजे अर्ध्या फेरीने, चुकतो. कडा जुळवताना कोडने तो उरलेला अर्धा क्वांटम गुपचूप कोपऱ्यातल्या एका षटकोनात कोंबला. तोच तुमचा ठिपका. एवढा फ्लक्स एका षटकोनात आला की दोन्ही व्हॅली (ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉन-अवस्थांचे दोन गट) एकमेकींत मिसळतात आणि शून्याची पातळी फुटते. जाळी बारीक करून तो जाणार कसा?

१५५ बाय २६८ नॅनोमीटरचा आयत घ्या. त्यात दोन भोवरे बसतात, फ्लक्स पूर्ण एक क्वांटम होतो, आणि दर व्हॅली, दर स्पिनमागे शून्यावर एक अवस्था मिळायला हवी. एकसमान क्षेत्राची चाचणी याच सेलवर घेतली होती का?

मूळ धागालेखिका

नाही हो, ती वेगळ्या मोठ्या सेलवर घेतली होती, म्हणून तर तिच्यावर विसंबले! आयतावर चालवलं. शून्यावर पुन्हा एकच रेघ, ठिपका गायब, घनता टेकाडांवर. खूप आभार. आता बोरॉन नायट्राइड ४० नॅनोमीटर करून पहिल्या पातळीचा पसारा किती आकसतो ते बघते.