वेस वेल्कर खरंच 'ब्रेडीचा हमाल' होता?

कडू कारलं

परवा एनएफएल ड्राफ्टच्या (अमेरिकन फुटबॉलच्या टीम कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडतात त्याच्या) गप्पांत 'स्पष्टवक्ता' यांनी एक पिंक टाकली: "ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेल्यांच्या रडकथा पुरे झाल्या. वेल्कर म्हणजे ब्रेडीचा हमाल. त्या जागी बुजगावणं उभं केलं असतं तरी शंभर कॅच झाले असते." (नवख्यांसाठी: ब्रेडी पेट्रिअट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा; वेल्कर त्याचा रिसीव्हर, म्हणजे झेलणारा.) तेव्हा कामात होतो म्हणून गप्प बसलो. आज सुट्टी आहे.

तर बुजगावण्याचा हिशोब मांडू. उंची पाच फूट नऊ इंच. टेक्सस टेकने शिष्यवृत्ती दिली ती दुसरा एक मुलगा ऐनवेळी फिरला म्हणून. तिथे आठ पंट (समोरच्याने लाथेने उडवलेले बॉल) थेट टचडाऊनपर्यंत पळवत नेले, तरी कम्बाइनचं (ड्राफ्टआधीच्या चाचणीचं) बोलावणं नाही. २००४ च्या ड्राफ्टमध्ये अडीचशेवर पोरं गेली, हा नाही. सॅन डिएगोने घेतला, एक मॅच खेळवून काढला. मग मायामी. त्याच ऑक्टोबरात त्यांचा किकर जायबंदी झाला, तर ह्या पठ्ठ्याने एकाच मॅचमध्ये किकऑफ परत नेला, पंट परत नेला, फील्ड गोल मारला, टचडाऊननंतरचा पॉइंट मारला आणि वर एक टॅकलही केला. समोर कोण होतं? पेट्रिअट्स. त्यांच्या कोच बेलिचिकने तेव्हाच डोळा ठेवला असणार. २००७ मध्ये दुसऱ्या आणि सातव्या फेरीची निवड मोजून घेऊन गेला.

पुढच्या सहा वर्षांतले कॅच: ११२, १११, १२३, ८६, १२२, ११८. ती ८६ म्हणजे गुडघ्याचं लिगामेंट तुटल्यावर आठ महिन्यांत परत येऊन.

आणि २००८ कोणीच का आठवत नाही? ब्रेडी पहिल्याच मॅचमध्ये गुडघा घेऊन घरी बसला. उरलेलं वर्ष मॅट कॅसल, जो कॉलेजात बाक झिजवत होता. वेल्करचे कॅच १११. आदल्या वर्षीपेक्षा बरोबर एक कमी. मालक गेला तरी हमालाने ओझं तेवढंच उचललं. ब्रेडीचा हमाल म्हणे.

स्पष्टवक्ता

अख्खी सुट्टी माझ्यावर खर्च केलीत, आभारी आहे.

कॅसलचा मुद्दा तुमच्याच गळ्यात येतोय. कॉलेजात बाकावर बसलेला क्वार्टरबॅक उभा केला आणि टीम अकरा मॅच जिंकली. मग कर्तृत्व कोणाचं? बेलिचिकच्या चौकटीचं. वेल्करच्या आधी ट्रॉय ब्राऊन होता, आठव्या फेरीत मिळालेला; २००१ ला १०१ कॅच. वेल्कर गेला त्याच वर्षी एडलमन, जो कॉलेजात रिसीव्हर नव्हताच, क्वार्टरबॅक होता, १०५ कॅच. खुर्ची तीच, बसणारा बदलला. आणि वेल्कर गेला डेन्व्हरला, जिथे क्वार्टरबॅक मॅनिंगने त्या मोसमात ५५ टचडाऊन फेकले, टीमने ६०६ पॉइंट केले. तिथे ह्याचे ७३.

शिवाय २००७ ला कडेने दुसरा रिसीव्हर रँडी मॉस पळत होता. त्याच्यामागे दोन-दोन जण. मधलं अंगण मोकळं. मोकळ्या अंगणात कोणालाही नाचता येतं.

आणि खरी वेळ आली तेव्हा? ५ फेब्रुवारी २०१२, इंडियानापोलिस. पुढचं लिहीत नाही.

सोमवारची पहाट

लिहूच नका. मी पुण्यात असतो, आमच्याकडे सुपर बोल (मोसमाची फायनल) सोमवारी पहाटे पाचला. ऑफिसला "पोट बिघडलंय" कळवून बसलो होतो. १७-१५, पेट्रिअट्स पुढे, चार मिनिटं उरलेली, तो एक बॉल वेल्करच्या हातात राहिला की खेळ खलास. बायको दारात भाजी घेत होती. मी असा काही ओरडलो की भाजीवाला आत डोकावून "काका बरे आहेत ना?" विचारून गेला.

बॉल मागे पडला होता हो! हवेत गिरकी घ्यायला लागली त्याला. नेम चुकला ब्रेडीचा. पण वहिनी (ब्रेडीची तेव्हाची बायको जिझेल) बोलून गेल्या, की माझा नवरा फेकणारही तोच आणि झेलणारही तोच कसा असेल, आणि झाला निकाल. तेव्हापासून एकमेव आरोपी वेल्कर.

स्पष्टवक्ता

दोन्ही हात लागले होते. हा कॅच हजार वेळा घेतलाय, असं मॅचनंतर खुद्द वेल्करच म्हणाला. वकीलपत्र घ्यायच्या आधी अशिलाला तरी विचारा.

गार्डन स्टेट

पेट्रिअट्सवाले रडायला लागले की आम्हा जायंट्सवाल्यांना जेवण गोड लागतं. त्याच मॅचमध्ये पहिला टचडाऊन कोणाचा? व्हिक्टर क्रूझ, आमच्या पॅटरसनचा. २०१० च्या ड्राफ्टमध्ये त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे नाकारलेलेच. एक टचडाऊन करून साल्सा नाचला, दुसऱ्याच्या हातातून बॉल निसटला. त्या मोसमात क्रूझचे १५३६ यार्ड, त्यात जेट्सविरुद्ध एकाच कॅचवर ९९! तुमच्या सहा-सहा यार्डांच्या किराणा मालाला काय करायचंय?

कडू कारलं

वेल्करचाही ९९ यार्डांचा टचडाऊन आहे. त्याच २०११ मध्ये, मायामीविरुद्ध. मोसमाचे यार्ड १५६९. क्रूझहून जास्त. किराणा माल मोजून घेत चला.

गुलटेकडी

चर्चा चालू द्या. मला ह्या लांबुळक्या चेंडूतलं फार कळत नाही, मुलगा ऑस्टिनला असतो म्हणून बघतो. पण 'हमाल' हा शब्द शिवीसारखा वापरलाय, आणि तोही दोघांनी. माझे वडील मार्केट यार्डात एकतीस वर्षं हमाली करत होते. पोतं पाठीवर घेताना कंबर किती वाकवायची, फळीवर पाऊल कुठे टाकायचं, ह्याला कसब लागतं. बुजगावणं उभं केलंत तर पहिल्याच पोत्याला मणका जाईल त्याचा. एवढंच.

स्पष्टवक्ता

शब्द मागे घेतो. 'ब्रेडीचा हमाल' ऐवजी 'ब्रेडीचा टेकू' असे वाचावे. सुतारांच्या भावना दुखावल्यास आगाऊ क्षमस्व.

कडू कारलं

गुलटेकडी, माझंही चुकलं, मनापासून माफी. (वरच्या प्रतिसादातला आगाऊपणा माझा नव्हे.) आणि कळत नाही म्हणत तुम्ही नेमकं तेच सांगितलंत. मैदानाच्या मध्यावर शंभर-सव्वाशे किलोचे लाइनबॅकर टपून असतात. तिथे ८४ किलोचा माणूस नजर बॉलवर ठेवून घुसतो, कोण कुठून येतंय हे न बघता. ह्याला हे 'मोकळं अंगण' म्हणतात.

डेन्व्हरची माई

८४ किलोचं पुढे काय झालं तेही लिहा की. कॅच मोजता, डोकं कोण मोजणार?

आधी माझी जुनी तक्रार. 'नाकारलेला रिसीव्हर' म्हटलं की सगळ्यांना वेल्कर-क्रूझ. आमचा रॉड स्मिथ? १९९४ ला कोणी घेतला नाही. पहिलाच कॅच म्हणजे आमचा क्वार्टरबॅक एल्वे याचा शेवटच्या क्षणीचा ४३ यार्डांचा टचडाऊन, वॉशिंग्टनविरुद्ध. एकूण ८४९ कॅच, ११,३८९ यार्ड, दोन सुपर बोल. ना साल्सा, ना वहिनी, म्हणून लक्षात राहत नाही. हॉल ऑफ फेमचं दार अजून बंद.

आता डोकं. वेल्कर आमच्याकडे आला तेव्हा २०१३ च्या नोव्हेंबरात एक कंकशन (डोक्याला मार बसून मेंदूला हादरा), तीन आठवड्यांत दुसरं. जानेवारीत घमेल्याएवढं हेल्मेट घालून परत मैदानात, आणि आमचं पब्लिक हसतंय. पुढच्या ऑगस्टमध्ये सरावाच्या मॅचमध्ये तिसरं. ते ७३ कॅच तेरा मॅचमधले आहेत, स्पष्टवक्ते, आणि दहा टचडाऊनही आहेत. तेवढं सोयीस्कर गाळलंत. पण माझा प्रश्न तो नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. शाळेच्या टीमचा फॉर्म फ्रिजवर लावून ठेवलाय, सही माझी हवी. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ ला १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० जणांना सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार). सांगा, करू सही?

आकडेमोड

माई, ते मेंदू कुटुंबीयांनी दान दिलेले होते. माणूस विचित्र वागायला लागला, म्हणून घरच्यांना शंका आली, म्हणून दान दिले. त्यावरून 'शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो' काढता येत नाही. अभ्यास करणाऱ्यांनीही तो दावा केलेला नाही.

डेन्व्हरची माई

बरं, निम्मे करा. पंचावन्न. आता करू सही?

आकडेमोड

असं निम्मं करता येत नाही.

डेन्व्हरची माई

अहो, तुम्हाला मुलं आहेत का?

आकडेमोड

हा युक्तिवाद नाही. आणि हो, मुलगी आहे. फुटबॉल नाही, सॉकर खेळते, सगळे म्हणतात तो 'सुरक्षित'. मागच्या वर्षी हेडर मारताना दुसरीच्या डोक्यावर आदळली. कोचने पाणी पाजलं आणि दहा मिनिटांत परत खेळायला पाठवली. रात्री तिला स्वतःच्या खोलीतलं दिव्याचं बटण सापडेना. सहा आठवडे शाळा बंद, पडदे लावून पडून. मी घरी आकडेच वाचत बसलो होतो, दुसरं येतं काय मला. तेव्हा माझ्यावर 'बिनकाळजाचा' असा शिक्का मारू नका.

डेन्व्हरची माई

हे आधी सांगायचंत ना. कशी आहे आता ती?

आकडेमोड

बरी आहे. परत खेळते. सही मीच केली.

रॅलीचा काका

सगळे मिळून रडता काय? माझा थोरला चार वर्षं हायस्कूल फुटबॉल खेळला. एक बोट मोडलं, बाकी ठणठणीत. आपल्या लोकांना सगळं जपून हवं. स्पेलिंग बी, व्हायोलिन, नाहीतर बुद्धिबळ. मग पोरगा वर्गात मान खाली घालून बसला की 'इथे आपल्याला किंमत नाही' म्हणून गळा काढायचा. माई, बिनधास्त सही ठोका.

डेन्व्हरची माई

एक बोट म्हणे! दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर तुमचं धाडस फुकट मिळतंय, म्हणून बिनधास्त. आणि माझा मुलगा मान ताठ ठेवूनच बसतो, त्याची चिंता करू नका.

रॅलीचा काका

राग आला म्हणजे लागलं कुठेतरी.

गार्डन स्टेट

धागा वेल्करचा होता ना? काका, जरा पाणी प्या. कोचने पाजलं तसं नव्हे, नीट.

सोमवारची पहाट

वेल्करवरच येतो. स्पष्टवक्ते, खरं सांगा, ड्राफ्टमध्ये न घेतलेल्यांवर एवढा राग का? तुमचं काय घोडं मारलंय त्यांनी?

स्पष्टवक्ता

राग खेळाडूंवर नाही, कौतुकाच्या तऱ्हेवर आहे. मीही कॅम्पसमध्ये लागलो नव्हतो. आमच्या बॅचचे एकेक करून गेले, शेवटी वसतिगृहाच्या मजल्यावर मी आणि एक सिव्हिलवाला. पुढे नोकरी लागली, बरी चालली. आता दर स्नेहसंमेलनात कोणीतरी माईक माझ्या हातात देतो, "हा बघा, कॅम्पसला नाकारलेला!" वीस वर्षांत मी काय केलं ते कोणी विचारत नाही. तो एक दिवसच सांगायचा असतो माझा.

शिवाय न घेतलेल्याला एक फायदा असतो, तो कोणी सांगत नाही. सातव्या फेरीतला पोरगा ज्याने घेतला त्याच्या दारात जातो. न घेतलेला ड्राफ्ट संपल्यासंपल्या फोन घेतो आणि कुठे जागा रिकामी आहे ते बघून ठरवतो. रडकथेत हे कलम नसतं.

आकडेमोड

फायद्याचं बरोबर आहे. आणखी एक: 'न घेतलेला' हा शब्द सगळ्या काळात सारखा नाही. रिसीव्हर ड्रू पिअर्सन १९७३ ला राहिला तेव्हा सतरा फेऱ्या होत्या, ४४२ जण घेतले, आणि त्यातही तो नव्हता. तो हॉल ऑफ फेममध्ये पोचला २०२१ ला. सात फेऱ्या १९९४ पासून, म्हणजे माईंचा रॉड स्मिथ सात फेऱ्यांच्या पहिल्याच वर्षात अडकला. जुन्या हिशोबाने वेल्कर कदाचित नवव्या-दहाव्या फेरीत गेलाही असता. मग ह्या धाग्याचं शीर्षक काय ठेवलं असतं?

कडू कारलं

स्पष्टवक्ते, माईकचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हीच आता माझी बाजू मांडलीत. तो एक दिवस सोडा म्हणता ना? सोडला. २००४ विसरा. पुढचे ९०३ कॅच बघा. आणि 'खुर्ची' म्हणता, तर बेलिचिकने वेल्कर गेल्यावर त्या खुर्चीसाठी आधी कोणाला आणलं? डॅनी अमेंडोलाला. तोही टेक्सस टेकचा, तोही ड्राफ्टमध्ये न घेतलेला, आणि करार वेल्करच्या डेन्व्हरच्या कराराहून मोठा. खुर्चीवर कोणीही चाललं असतं तर एवढी शोधाशोध कशाला?

स्पष्टवक्ता

अमेंडोला आणला आणि शंभर कॅच एडलमनने घेतले. तुमची उदाहरणं माझ्यासाठीच काम करतात, पगार मात्र तुमच्याकडून घेतात.

तरी २००८ अर्धं मान्य. १११ हे बुजगावण्याचं काम नाही. ३० कॅच चौकटीचे, ८१ त्याचे. हॉल ऑफ फेमला मात्र माझं मत नाही. आधी रॉड स्मिथ.

डेन्व्हरची माई

अहो स्पष्टवक्ते! आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायलाच या.

फॉर्म अजून फ्रिजवरच आहे. मुलाला ह्या धाग्यातलं वाचून दाखवलं, तिन्ही कंकशनसकट, म्हटलं घाबरेल. त्याने एवढंच विचारलं, "वेल्कर पाच फूट नऊ होता? मी आत्ताच पाच-चार आहे." ह्याला काय उत्तर देऊ, ते सांगा कोणीतरी.

रॅलीचा काका

सांगा, व्हायोलिनला उंची लागत नाही.