मॅनिफोल्डचं गॅस्केट घरी बदलता येईल का? सल्ला हवाय

तेलकट_हात:
चार सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी, १,१०,००० किमी झालेत. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक आवाज येतो, रेस दिली की वाढतो, दहा मिनिटांत गायब. एक मिस्त्री म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग), दुसरा म्हणतो पॅकिंग गेलंय. ॲव्हरेजही पडलंय. ऑइल, ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. हे जमेल का? आणि गॅस्केट कोणतं घेऊ?

अर्धा_आटा:
घ्यायचं नंतर बघू, आधी गेलंय का आणि कुठलं ते ठरवा. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनला जोडलेल्या नळ्यांचा जुडगा, असे दोन असतात: इनटेकचा हवा आत नेतो, एक्झॉस्टचा जळका गॅस बाहेर. गॅस्केट म्हणजे त्यांच्या जोडातलं पॅकिंग. इनटेकचं गॅस्केट गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते: आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होतं, फुस्स आवाज येतो, चेक लाइट लागून पी ०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी) येऊ शकतो. एक्झॉस्टचं गेलं तर गॅस बाहेर फुटतो, तीच तुमची टिकटिक. तापल्यावर धातू फुगतो, फट मिटते, आवाज थांबतो.

पण टॅपेटवाला मिस्त्रीही अगदीच चुकला असं नाही. हायड्रॉलिक टॅपेटही तेल पोचेपर्यंत वाजतात. म्हणून थंड इंजिन सुरू करून कोणाला तरी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबायला सांगा. टिकटिक वाढली तर गळती, नाही वाढली तर संशय टॅपेटवर. हे उघड्यावरच करा. शिवाय हीट शील्ड (मॅनिफोल्डवरचा उष्णता अडवणारा पत्रा) काढून हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) जोडावर काळी काजळी दिसते का बघा.

निवांत_चालक:
एवढ्या उठाठेवी कशाला? आवाज जातोय ना थोड्या वेळाने, चालवा तशीच.

अर्धा_आटा:
नाही हो. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही. बॉनेटखालून ब्लोअरवाटे केबिनमध्ये शिरू शकतो. दुसरं म्हणजे गॅस धक्क्याधक्क्याने येतो, मधल्या क्षणी त्याच फटीतून हवा आत खेचली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त सोडतो. धाग्याच्या मालकांचं ॲव्हरेज त्यामुळेही पडलं असेल.

पाना_क्र_१२:
घरी जमेल का, याचं उत्तर गॅस्केटमध्ये नाही, स्टडमध्ये (हेडमध्ये घट्ट बसवलेला आट्यांचा दांडा, ज्यावर नट आवळतात) आहे. गॅस्केट दहा मिनिटांत बसतं. गंजलेला स्टड हेडमध्ये तुटला की रविवार गेला, आणि बहुधा पुढचाही.

मी माझ्या गाडीचा एक असाच तोडलाय. घाई होती, नट हलेना, लांब दांडी लावून जोर दिला आणि कट्! इतका वाईट आवाज मी गाडीतून दुसरा ऐकलेला नाही. म्हणून आदल्या रात्री इंजिन गार झाल्यावर गंज सुटायचं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. नट जाम वाटला तर थोडा सोडा, थोडा आवळा, परत सोडा. नटाबरोबर अख्खा स्टड फिरून बाहेर आला तर घाबरू नका, उलट बरंच, नवीन टाका. अडकलेला स्टड काढायचा असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावा. नवे नट-स्टड आधीच आणून ठेवा. गॅस्केट कंपनीचं किंवा त्याच बनावटीचं, शक्यतो थरांच्या स्टीलचं. जुनं पुन्हा लावू नका, आणि सिलिकॉनची ट्यूब तर त्या बाजूला आणूच नका. ती तिथल्या तापमानात जळते आणि तिच्या वाफांनी सेन्सर खराब होऊ शकतो.

तेलकट_हात:
फडक्याची चाचणी केली, टिकटिक स्पष्ट वाढली. चौथ्या सिलिंडरपाशी काजळी आहे. तिथला एक नट हाताने फिरला!

अर्धा_आटा:
मग तोच चोर. तरी नुसता आवळून सोडू नका, गॅस्केट तिथे जळलं असणार. मॅनिफोल्ड काढाल तेव्हा त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. वाकलेला असेल तर नवीन गॅस्केटही थोड्याच दिवसांत जाईल. किती वाक चालतो ते तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ग्राइंडर लावायचा नाही, प्लास्टिकच्या पातीने खरवडा आणि पोर्टमध्ये (हेडमधली गॅसची भोकं) कापड कोंबून ठेवा. कापडाचे तुकडे मोजून कोंबा, काढतानाही मोजा.

पाना_क्र_१२:
आवळताना मधल्या नटापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). आकडा मॅन्युअलमधला घ्या, माझा नको.

नवी_चाकं:
मध्येच विचारते, माझ्या गाडीला हे गॅस्केट दिसतच नाही?

अर्धा_आटा:
ताई, काही नव्या छोट्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. मग जोड थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) किंवा टर्बोशी, आणि गॅस्केट तिथे.

तेलकट_हात:
झालं! एक स्टड नटासकट बाहेर आला, बाकी सगळे सुखरूप. मॅनिफोल्ड सरळ निघाला. सकाळी गार इंजिन सुरू केलं तर शांत. तापल्यावर मात्र जळका वास येतोय?

पाना_क्र_१२:
गंज सोडवायला मारलेलं तेल जळतंय. खिडक्या उघड्या ठेवून एक चक्कर मारा, जाईल. नाही गेला तर परत बॉनेट उघडा आणि इथे लिहा.