मदत हवी आहे: चौथा डेटाबेस उठत नाही, म्हणे जागा नाही. डिस्क तर रिकामी!

शिरोली_सर्व्हर: रात्री एमआयडीसीत लाईट गेली, यूपीएसही संपला. सकाळी तीन पोस्टग्रेस (डेटाबेस) उठले, चौथा 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून पडतोय. डिस्क निम्मी रिकामी आहे. गाड्या भरून उभ्या आहेत, बिलं निघेनात. लवकर सांगा.

रंकाळा७: डीएफला (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) -आय लावून बघा. आयनोड (फाईलींच्या नोंदी) संपले तरी हाच एरर येतो.

शिरोली_सर्व्हर: बघितलं. ४ टक्केच वापरलेत.

गंगावेस: लिमिट्समध्ये नोफाईल (उघड्या फाईलींची मर्यादा) ६५५३६ करा, विषय संपला.

उद्यम_डीबीए: नोफाईलचा इथं संबंधच नाही, त्याला 'टू मेनी ओपन फाईल्स' येतं. लॉगमध्ये सेमगेट (कर्नलचा एक कॉल) दिसतंय का? ओएस, आवृत्ती, मॅक्स कनेक्शन्स? मशीनवर आणखी काय आहे?

शिरोली_सर्व्हर: सेमगेट आहे. ऑरॅकल लिनक्स ८, पोस्टग्रेस ९.६, चारही ठिकाणी ५००. बाकीचं डिफॉल्ट. गेल्या आठवड्यात ऑरॅकल १९सी (दुसरा डेटाबेस) टाकलं, पण ते नीट चालतंय.

उद्यम_डीबीए: हे पहिल्यांदा सांगायचं भावा! जागा डिस्कची नाही, सेमाफोरच्या (प्रोसेसमध्ये ताळमेळ राखणारे कर्नलचे सिग्नल) संचांची संपलीय. लॉगमध्ये खाली हिंटमध्ये तेच लिहिलेलं असतं.
हिशेब बघा. ५०० कनेक्शन्स, ३ ऑटोव्हॅक्यूम (आपोआप सफाई करणारे), ८ वर्कर, वर ५, म्हणजे ५१६. एका संचात १६, म्हणून ३३ संच. चार डेटाबेसना १३२. ऑरॅकलच्या प्रीइन्स्टॉलने (आधीची तयारी करणारं पॅकेज) कर्नल.सेम (सेमाफोरच्या मर्यादा) '२५० ३२००० १०० १२८' केलं, त्यातला शेवटचा आकडा संचांचा. कर्नलचं डिफॉल्ट ३२००० होतं, ते खाली आलं. चालू असलेले संच तसेच राहतात, नवीन मागितला की नकार. म्हणून आठवडाभर कळलं नाही, रीस्टार्टला कळलं.
सिसकंट्रोल (कर्नलची सेटिंग लावणारी कमांड) दोन फाईलींतली मोठी किंमत निवडत नाही. नंतर वाचलेली ओळ आधीची चारही आकड्यांसकट पुसते. म्हणून एटसीखाली (सेटिंगच्या फाईलींचं फोल्डर) कर्नल.सेम ग्रेप करा, म्हणजे शोधा, ओळ एकाच फाईलीत ठेवा: २५० ३२००० १०० ५१२. मग सिसकंट्रोल --सिस्टम, आणि आयपीसीएस -एलएसने (लागू मर्यादा दाखवते) खात्री.

गंगावेस: त्यापेक्षा प्रत्येक डेटाबेस कंटेनरमध्ये (स्वतंत्र कप्प्यात) टाका, प्रत्येकाचे सेमाफोर वेगळे.

उद्यम_डीबीए: खरं आहे, पण गाड्या दारात असताना नाही. निवांत वेळ मिळाला की ९.६ सोडा. १० पासून लिनक्सवर पॉझिक्स (वेगळ्या प्रकारचे) सेमाफोर वापरतात, ही भानगडच नाही.

रंकाळा७: लॉगइन्डमधलं (लॉगिन सांभाळणारी सेवा) रिमूव्हआयपीसी 'नो' करा. नाहीतर साध्या युजरने डेटाबेस चालवत असाल तर तो लॉगआउट झाला की सेमाफोर उडतात.

शिरोली_सर्व्हर: उठला! आयपीसीएस -एसयूने (वापर दाखवते) १३६ संच दिसतात. बिलं सुरू झाली. शेमऑललाही (सगळ्यांच्या मिळून शेअर्ड मेमरीची मर्यादा) अशीच बेरीज करायची?

उद्यम_डीबीए: हो, बेरीजच. पण आकडा बाइटमध्ये नाही, ४०९६ बाइटच्या पानांत. ६४ जीबीला १६७७७२१६. शेममॅक्स मात्र एका सेगमेंटपुरता (शेअर्ड मेमरीचा एक तुकडा), तिथं सगळ्यात मोठ्याचाच घ्या.